समोरचं दिसावं म्हणून

चेन्नईच्या मध्य कैलास चौकातून दक्षिणेला निघालेला जुना महाबलीपुरम रस्ता तरामणी मागं टाकून पेरुंगुडीत शिरतो, तोवर दोन्ही अंगांना काचेच्या इमारती सुरू झालेल्या असतात. २००० साली तरामणीत टायडेल पार्क हे आयटी संकुल उभं राहिलं आणि बघता बघता हा सगळा पट्टा संगणकाचा झाला. एका बाजूला पळ्ळिकरणैची दलदल, तिच्या कडेला शहराच्या कचऱ्याचे डोंगर, आणि रस्त्यावर गळ्यात ओळखपत्र अडकवलेली पंचविशी-तिशीतली मुलं. त्यांत पुण्या-नागपूरकडची, मराठी बोलणारीही भेटतात. दिवसाचे नऊ-दहा तास खुर्चीत, त्यामुळं पाठदुखी हा इथल्या चहाच्या टपरीवरचा रोजचा विषय. याच पेरुंगुडीत, याच रस्त्यावर अपोलोचं स्पेशालिटी हॉस्पिटल आहे. थोडं पुढं पेरुंबाक्कमला आणखी एक मोठं रुग्णालय. कण्याच्या अवघड शस्त्रक्रियांसाठी दूरदूरचे लोक ज्या चेन्नईत येतात, त्या चेन्नईचा हा नवा भाग.

एका आजाराबद्दल लिहायला पेरुंगुडीच का घ्यावं, तर त्या आजाराची दोन्ही टोकं इथं एकाच रस्त्यावर येतात. अँकायलोजिंग स्पाँडिलायटिस हे त्याचं नाव. दवाखान्यात आणि रुग्णांच्या बोलण्यात त्याचं 'एएस' झालेलं आहे, मीही पुढं तेच म्हणेन. हा संधिवाताच्या कुळातला, पण बोटांच्या सांध्यांपेक्षा कण्यावर डोळा ठेवून असलेला. सुरू होतो बहुधा विशीत, पंचेचाळिशीनंतर क्वचितच. म्हणजे कंपनीच्या बससाठी रांगेत उभं असतं तेच वय. आणि त्यानं पुरतं वाकवून टाकलेला कणा सरळ करण्याची शस्त्रक्रिया होते ती अशाच रस्त्यावरच्या मोठ्या रुग्णालयांत. मधली पंधरा-वीस वर्षं मात्र दुसरीकडेच गेलेली असतात: मालिशवाल्याकडे, कंबरपट्ट्याच्या दुकानात, 'व्यायाम कमी पडतो' असं सांगणाऱ्या नातेवाइकांत आणि एका डॉक्टरकडून दुसऱ्याकडे. पुढची पानं शस्त्रक्रियेबद्दल आहेत. पण त्या वर्षांना वळसा घालून शस्त्रक्रियेपाशी पोचता येत नाही.

सुरुवातीला दोष जातो खुर्चीवर. हे स्वाभाविक आहे आणि दहांतल्या नऊ जणांच्या बाबतीत खरंही असेल. पण खुर्चीनं दुखावलेली पाठ रविवारी पडून राहिलं की निवते. एएसची पाठ पडून राहिलं की बिघडते. पहाटे तीन-चारला दुखण्यानं जाग येते, कूस बदलणं जिवावर येतं, उठल्यावर अर्धा-पाऊण तास अंग आखडलेलं असतं आणि चालायला लागलं, गरम पाणी घेतलं की सुटतं. दुखणं एका बाजूच्या कुल्ल्यात, मग दुसऱ्या बाजूच्या. तीन महिने गेले तरी हटत नाही. मधेच कधीतरी एक डोळा लाल होऊन दुखतो, उजेड सोसत नाही. त्यासाठी नेत्रतज्ज्ञ गाठला जातो आणि पाठीचा नि डोळ्याचा संबंध कुणी जोडत नाही. आजाराची ही सगळी ओळख एका पोस्टकार्डावर मावेल. तरीही निदानाला सात-आठ वर्षं लागणं ही जगभरची कथा आहे. बायकांच्या बाबतीत तर अधिकच, कारण 'हा पुरुषांचा आजार' असं पाठ्यपुस्तकांनीच कैक पिढ्या शिकवलं.

उशिराचं आपल्याकडचं आणखी एक कारण म्हणजे क्षय. भारतात तरुण माणसाची पाठ महिनोन् महिने दुखली, वजन उतरलं, रक्तातला दाह दाखवणारा ईएसआर वाढलेला निघाला, की मणक्याच्या टीबीची शंका येते, आणि ती यायलाच हवी. या बाबतीत चेन्नईइतकं अधिकारानं बोलू शकणारं शहर दुसरं नाही. १९५६ साली इथं क्षयाच्या औषधोपचारांचं संशोधन केंद्र सुरू झालं. सॅनेटोरियममध्ये न ठेवता घरी राहून औषधं घेतली तरी क्षय तितकाच बरा होतो, हे १९५९ साली जगाला सांगितलं ते या मद्रासच्या अभ्यासानं. मणक्याच्या क्षयावर सहा आणि नऊ महिन्यांचे उपचार पुरतात का, याच्या चाचण्याही याच शहरात झाल्या. क्षयानं येणारं कुबड टोकदार असतं, कारण एखाद-दोन मणके खचतात आणि कणा तिथंच मोडतो. एएसचा बाक लांबलचक, गोलाकार, मानेपासून कमरेपर्यंत पसरलेला. कपडे उतरवून नीट पाहिलं तर फरक कळतो. पण सुरुवातीला बाक नसतोच, नुसतं दुखणं असतं, आणि मग पुरावा हाती नसताना टीबीच्या गोळ्यांचा पूर्ण कोर्स घेतलेले एएसचे रुग्ण आपल्याकडे कमी नाहीत.

आत काय चाललेलं असतं? कणा जिथं कटीच्या हाडांना जोडलेला असतो, त्या दोन सांध्यांपासून दाह सुरू होतो. तो वर सरकतो. स्नायुबंध आणि हाड जिथं एकमेकांत रुजतात त्या जागा सुजतात, आणि सूज ओसरताना शरीर तिथं नवं हाड घालतं. दोन मणक्यांमधल्या गादीच्या कडेनं हाडाचा पूल तयार होतो. मग दुसरा, तिसरा. शेवटी एक्स-रेत सगळा कणा सलग दिसतो, ज्याला डॉक्टर 'बांबू स्पाइन' म्हणतात. १६९०च्या दशकात बर्नार्ड कॉनर या आयरिश वैद्यानं फ्रान्समध्ये मिळालेल्या एका सांगाड्याचं वर्णन केलं होतं, त्यात कणा, बरगड्या आणि कटी मिळून एकच हाड झालेलं होतं. कारणाचा धागा मात्र हाती आला तो १९७३ साली. लंडन आणि लॉस एंजेलिसमधल्या दोन गटांनी एकाच वर्षी दाखवलं की यातल्या बहुसंख्य रुग्णांच्या रक्तात एचएलए-बी२७ हा आनुवंशिक खुणेचा घटक असतो. इथं एक ताकीद द्यायला हवी, कारण ही तपासणी आता कुठल्याही लॅबमध्ये होते. बी२७ असणाऱ्यांपैकी बहुतेकांना हा आजार कधीच होत नाही. नुसत्या रिपोर्टवर मुलाचं लग्न मोडणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं.

हाड जुळणं वेगळं आणि वाकणं वेगळं. कणा सरळ राहूनही जुळू शकतो, आणि ज्यांनी नियमानं व्यायाम केला, औषधं घेतली, पातळ उशी घेऊन पाठीवर झोपण्याची सवय लावली, त्यांचा बऱ्याचदा तसाच जुळतो. पण दुखणाऱ्या माणसाला पुढं झुकल्यावर बरं वाटतं. तो कुशीवर पाय पोटाशी घेऊन झोपतो, उशीवर उशी चढवतो, बसताना गुडघ्यांवर कोपरं टेकवतो. ज्या स्थितीत आराम मिळतो त्याच स्थितीत कणा कायमचा थिजतो, ही या आजाराची खरी क्रूरता. एकदा वजनाची रेघ पावलांच्या पुढं गेली की तोल सावरायला गुडघे वाकवावे लागतात, खुबे मागं ढकलावे लागतात. खुब्यांनाही आजारानं धरलं असेल, आणि अनेकांचे धरलेले असतात, तर तोही मार्ग बंद.

अशा माणसाचा दिवस कसा जातो याचं वर्णन वैद्यकीय पुस्तकांत नसतं. तिथं अंश असतात. त्याला समोरच्याचा चेहरा दिसत नाही. चप्पल दिसते, आणि चपलेवरून माणूस ओळखायची सवय लागते. रस्ता ओलांडायचा तर अंग तिरकं करून, एक बाजू वर उचलून येणाऱ्या गाड्या बघाव्या लागतात. दाढी करायची तर आरसा खाली ठेवावा लागतो. पेल्यातलं शेवटचं घोटभर पाणी पिता येत नाही, कारण मान मागं जात नाही, नळी लागते. पोटावर बरगड्या टेकलेल्या, म्हणून दोन घास खाल्ले की भरल्यासारखं होतं. छातीचा पिंजरा हलत नाही, श्वास सगळा पोटानं घ्यायचा, आणि पोटालाच जागा उरलेली नाही. उताणं झोपणं विसरायचं. बोलणारे लोक वरून बोलतात, आणि हळूहळू त्याच्याशी न बोलता सोबत आलेल्याशी बोलू लागतात. लग्नाच्या फोटोत तो स्वतःहून कडेला जाऊन उभा राहतो. शस्त्रक्रियेला तयार होण्याचं कारण विचारलं तर वेदना हे उत्तर फारसं येत नाही. कणा पूर्ण जुळल्यावर दुखणं पुष्कळदा कमीच झालेलं असतं. उत्तर येतं ते समोर बघता येण्याचं.

औषधं नव्हती तेव्हा माणसांनी काय काय केलं हेही थोडं सांगायला हवं. ब्रिटनमध्ये १९३५ ते १९५४ या काळात तेरा हजारांहून अधिक एएस रुग्णांच्या कण्याला क्ष-किरणांचा मारा दिला गेला. दुखणं थांबायचं. १९५७ साली कोर्ट ब्राउन आणि रिचर्ड डॉल यांनी त्या सगळ्यांचा माग काढला, तेव्हा त्यांच्यात रक्ताचा कर्करोग अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त निघाला. किरणोत्सर्गाचा धोका माणसांत किती, याचं आजचं बरंचसं ज्ञान या वाकलेल्या पाठींनी पुरवलेलं आहे. त्याबद्दल त्यांचे आभार कुणी मानल्याचं माझ्या वाचनात नाही.

वाकलेला कणा कापून सरळ करण्याचं धाडस पहिल्यांदा नोंदलं गेलं १९४५ साली. बॉस्टनमधल्या स्मिथ-पीटरसन या नॉर्वेत जन्मलेल्या शल्यविशारदानं लार्सन आणि ऑफ्रँक या सहकाऱ्यांबरोबर सहा रुग्णांची हकिकत छापली. शीर्षकात आजाराचं नाव आहे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, कारण एएस हा स्वतंत्र आजार मानण्याची पद्धत तेव्हा अमेरिकेत नव्हती. त्यांची रीत अशी की मणक्यांच्या मागच्या जुळलेल्या सांध्यांमधून हाड कापून फट करायची आणि पाठ मागं वाकवायची. फट मिटते, पुढची बाजू उघडते. तर्क सरळ होता. अडचण पुढच्या बाजूला होती, कारण कण्याला अगदी खेटून शरीराची सर्वांत मोठी रक्तवाहिनी, महाधमनी, खाली उतरते. वर्षानुवर्षांच्या दाहानं ती कडक झालेली असते, आणि कण्याची पुढची बाजू एकदम फाकली की ती ताणली जाते. १९५०च्या दशकात ती फाटून रुग्ण दगावल्याच्या नोंदी आल्या. पुढं युरोपात एका जागी मोठी फट करण्याऐवजी अनेक मणक्यांत थोडं थोडं वळण वाटून देण्याची पद्धत आली. आणि १९८५ साली डेन्मार्कच्या टॉमासेननं लोकांसमोर ठेवली ती युक्ती आज सर्वाधिक वापरात आहे: पुढची बाजू उघडायचीच नाही. मणक्यातूनच पाचर काढायची आणि मागची बाजू मिटवायची. कण्याची लांबी वाढत नाही, थोडी कमीच होते, त्यामुळं धमनीवर ताण येत नाही.

प्रत्यक्ष टेबलावर हे कसं घडतं ते सांगतो. पहिली लढाई भूल देणाऱ्याची. मान वळत नाही, मागं जात नाही, कधी जबडाही पुरता उघडत नाही. नेहमीच्या पद्धतीनं श्वासनलिकेत नळी घालता येत नाही. म्हणून रुग्ण जागा असतानाच, घसा बधिर करून, लवचीक दुर्बिणीच्या आधारानं नाकातून किंवा तोंडातून नळी सरकवतात. हे जागेपणी सोसावं लागणार असल्याची कल्पना रुग्णाला आधी दिलेली बरी. काही ठिकाणी देत नाहीत, आणि त्याची आठवण ऑपरेशनपेक्षा जास्त राहते. दुसरी लढाई पालथं झोपवण्याची. जो माणूस सरळच नाही तो सपाट टेबलावर पालथा कसा पडणार? म्हणून टेबल मधे मोडून त्याच्या बाकाच्या मापाचं करतात, छाती-कटी-गुडघ्यांखाली गाद्या रचतात, डोळ्यांवर आणि हनुवटीवर दाब येत नाही ना हे पुन्हा पुन्हा बघतात. मग कण्याच्या दोन्ही बाजूंना, वर आणि खाली, मणक्यांत स्क्रू. या आजारात हाड बाहेरून जाड आणि आतून ठिसूळ झालेलं असतं, त्यामुळं दोन-चार स्क्रूंवर भागत नाही.

पाचर काढायची ती बहुधा कमरेच्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या मणक्यातून. मज्जारज्जू त्याच्या वरच संपलेला असतो. खाली उरतात सुट्या मज्जातंतूंचे पुंजके, ते थोडं हलणं सहन करतात. मणक्याची मागची कमान काढतात, दोन्ही बाजूंचे खांब काढतात, मग पुढच्या ठोकळ्यातून मागं रुंद आणि पुढं निमुळती अशी पाचर कोरून काढतात. पुढचा पातळ पापुद्रा तेवढा ठेवतात, तो बिजागरी. आणि मग मोडलेलं टेबल हळूहळू सपाट करत नेतात. टेबल सरळ होतं तशी पाचरेची फट मिटते आणि माणूसही सरळ होतो. तो सबंध वेळ पायांच्या स्नायूंपर्यंत विजेचे संदेश पोचतात की नाही हे यंत्रावर बघणारा एक जण बसलेला असतो. संदेश मंदावले की हात थांबतात. फट मिटली की सळया बसवून घट्ट करायच्या. एका पाचरेतून तीस-पस्तीस अंश मिळतात. जुन्या स्मिथ-पीटरसन पद्धतीत एका जागी दहाच्या आसपास. बाक फार मोठा असेल तर दोन पाचरी, कधी दोन वेगळ्या दिवशी. २०१९ साली चीनमधल्या शेनझेनला चेहरा मांडीला टेकेल इतका दुमडलेला एक माणूस टप्प्याटप्प्यानं चार शस्त्रक्रियांनंतर उभा राहिला, ते फोटो आपल्याकडच्याही वर्तमानपत्रांत झळकले. अशा बातम्यांनी आशा वाढते, पण आपला बाक त्या फोटोइतका नसेल तर आपलं काम सोपं असेल असा अर्थ कुणी काढू नये.

मानेतच बाक असेल, हनुवटी छातीला टेकलेली असेल, तर कमरेतली पाचर पुरत नाही. टोरांटोच्या एडवर्ड सिमन्स यांनी १९७०च्या सुमारास रूढ केलेली पद्धत ऐकून आजही अंगावर काटा येतो. रुग्णाला खुर्चीवर बसवायचं, मानेची मागची बाजू फक्त बधिर करायची, आणि तो जागा असताना, बोलत असताना, मान आणि पाठ जिथं मिळतात तिथलं हाड कापून डोकं हातांनी वर आणायचं. हातपाय हलवून दाखव म्हटलं की तो दाखवायचा. त्याचं उत्तर हाच त्या काळचा सुरक्षेचा सर्वांत चांगला उपाय होता. कीर्तनात कुब्जेची कथा ऐकलेल्यांना इथं काही आठवेल. भागवतात कृष्ण तिच्या पावलांवर पाय ठेवतो, हनुवटीखाली दोन बोटं धरतो आणि तिला वर उचलून सरळ करतो. कथा रचणाऱ्याला खालून स्थिर करायचं आणि हनुवटीपासून उचलायचं हे सुचलं, याचं मला राहून राहून नवल वाटतं. आता हीच शस्त्रक्रिया पूर्ण भूल देऊन, संदेश बघणाऱ्या यंत्राच्या भरवशावर होते.

आता माझा मुद्दा. किती सरळ करायचं? नातेवाईक म्हणतात, पूर्ण. फोटोसाठी ते बरोबर आहे. पण ज्याची मान जुळलेली आहे त्याला पूर्ण सरळ केलं तर त्याची नजर क्षितिजाच्या वर जाईल आणि खालचं काहीच दिसणार नाही: जिन्याची पायरी, ताटातली भाजी, हातातलं काम. म्हणून शल्यविशारद उभ्या माणसाचा बाजूनं फोटो घेऊन कपाळ आणि हनुवटी जोडणारी रेघ उभ्या रेघेशी किती कोन करते ते मोजतात. तो शून्यावर आणायचा हट्ट न करता, मान हलत नसेल तर नजर किंचित खाली ठेवतात. कोरियातल्या डॉक्टरांनी २००३ साली या कोनाचा आणि रुग्णांच्या समाधानाचा संबंध तपासून हेच दाखवलं. इथवरचं कुठल्याही देशात सारखं. पण कुणाला काय बघायचं आहे, हे देशादेशांत आणि घराघरांत वेगळं असतं, आणि आपल्याकडे ते विचारायची पद्धत नाही. सोलापूर-इचलकरंजीच्या मागावर काम करणाऱ्याला धागा दिसला पाहिजे. शिंप्याला मशीनची सुई. शिक्षिकेला वर्ग आणि वही दोन्ही. जमिनीवर मांडी घालून जेवणारं, देवपूजा करणारं, नमाज पढणारं, भारतीय पद्धतीच्या संडासात बसणारं शरीर वेगळं. खुबे जुळलेले असतील तर यातलं काही जमणारच नाही, मग आधी खुबे बदलायचे की आधी कणा, हा प्रश्न उभा राहतो. त्यावर डॉक्टरांतही दोन मतं आहेत, कारण कणा सरळ झाला की कटी फिरते आणि खुब्याच्या वाटीचा कोन बदलतो. माझ्या मते रुग्णानं शल्यविशारदाकडं जाताना एक्स-रेच्या पाकिटाबरोबर आपल्या दिवसाची यादी न्यावी: कुठं बसतो, काय बघावं लागतं, काय सोडायला तयार आहे. काही डॉक्टर ती वाचून चिडतील. त्यावरूनही काही कळेल.

धोक्यांबद्दल आडपडदा नको. रक्त पुष्कळ जातं. वाहून गेलेलं रक्त धुऊन परत देण्याची यंत्रं आता आहेत, तरी पिशव्या लागतात. पायातली ताकद कमी होणं, लघवीवरचा ताबा जाणं, बहुतेकदा तात्पुरतं पण कधी कायमचं. जखमेत पू. स्क्रू सुटणं, सळई मोडणं. पोट एकदम ताणलं गेल्यानं आतड्याचा सुरुवातीचा भाग रक्तवाहिनीखाली दाबला जाऊन उलट्या होणं, ज्याची कुटुंबाला कल्पनाच नसते. आणि एक गोष्ट शस्त्रक्रियेच्या यशानंतरही तशीच राहते: कणा हलत नाही. तो ताठ झाला, लवचीक नाही झाला. मोजे घालायला, खाली पडलेलं उचलायला मदत लागत होती ती लागेल. आजारही संपत नाही.

आजाराच्या औषधांनी मात्र या पंचवीस वर्षांत चित्र बदललं. टीएनएफ या दाहक रेणूला अडवणारी इंजेक्शनं २००३च्या सुमारास एएससाठी मान्य झाली. ती महाग होती, अजूनही स्वस्त नाहीत. पण २०१४च्या अखेरीस अहमदाबादच्या झायडस कंपनीनं यांतल्याच अ‍ॅडालिमुमॅब या औषधाची जगातली पहिली बायोसिमिलर, म्हणजे मूळ औषधासारखी आवृत्ती, भारतात आणली आणि किमतीला खालची वाट सापडली. साधी सूजविरोधी गोळी आणि रोजचा व्यायाम यांचं महत्त्व त्यानं कमी झालेलं नाही. शिवाय ही इंजेक्शनं शरीरात निपचित पडलेला क्षय जागा करू शकतात, म्हणून ती सुरू करण्याआधी छातीचा एक्स-रे आणि क्षयाची चाचणी करावीच लागते. ज्या आजाराशी एएसची गल्लत होत आली, तोच उपचाराच्या दारात पुन्हा भेटतो. लवकर निदान होऊन हे सगळं वेळेवर मिळालेल्यांपैकी फारच थोड्यांना उद्या पाचर काढून घ्यावी लागेल. पेरुंगुडीच्या टपरीवर पाठ चोळत उभ्या असलेल्या मुलाला कुणी 'रात्री दुखतं का?' एवढं विचारलं तरी बरंच काम होईल.

राहिला चेन्नईचा प्रश्न. सोलापूरहून रात्रीची गाडी पकडून माणसं मद्रासला उपचारांना जातात ही जुनी गोष्ट आहे, आणि दक्षिणेकडच्या रुग्णालयांच्या शिस्तीवर आपला विश्वास आहे तो उगीच नाही. कोइमतूरच्या गंगा हॉस्पिटलच्या डॉ. एस. राजसेकरन यांचं क्षयानं आलेल्या बाकांवरचं काम जगात वाचलं जातं. पण मुंबई-पुण्यातही कण्याच्या विकृतींवर काम करणारी पथकं आहेत, आणि या शस्त्रक्रियेनंतर वर्षभर तपासणीला जावं लागतं. दर वेळी हजार किलोमीटर बसून जाणं कुणाला झेपेल? रुग्णालय निवडताना गाव महत्त्वाचं नाही. महत्त्वाचं हे, की तिथं वर्षाला अशा किती शस्त्रक्रिया होतात, कठीण श्वासमार्गाचा अनुभव असलेला भूलतज्ज्ञ आहे का, मज्जातंतूंचे संदेश बघण्याची सोय रोज वापरात आहे का, आणि संधिवाततज्ज्ञ त्याच छताखाली बसतो का. भाषेचाही विचार करावा. इंग्रजी येत नसलेल्या आईला पेरुंगुडीच्या आयसीयूबाहेर तमिळ कळत नाही, आणि 'पाय हलतोय का' हा प्रश्न तिच्यासाठी सर्वांत मोठा असतो.

एक गोष्ट शस्त्रक्रिया झालेल्यांना आणि न झालेल्यांनाही सारखीच लागू आहे, आणि तिच्याकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं. जुळलेला कणा किरकोळ पडण्यानंही मोडतो. न्हाणीघरात पाय घसरला, स्कूटरवरून हळूच कलंडलं, पुरेसं. बहुधा मानेच्या खालच्या भागात मोडतो, आणि पहिल्या एक्स-रेत ते पुष्कळदा दिसत नाही, कारण खांदे आड येतात. दवाखान्यातून 'मुका मार' म्हणून घरी पाठवलेले रुग्ण दोन दिवसांनी हातपाय गमावून परत आलेले आहेत. म्हणून एएस असलेल्या माणसाला पडल्यावर नवं दुखणं सुरू झालं तर सीटी स्कॅन होईपर्यंत मान मोडली आहे असंच धरायचं. आणि अपघातानंतर मदतीला आलेली चांगली माणसं नेहमीच्या शिकवणीप्रमाणं त्याला सपाट फळीवर निजवतात, मानेला सरळ पट्टा बांधतात. वर्षानुवर्षं पुढं वाकलेली मान अशी सरळ केली की मोडलेल्या जागी मज्जारज्जू दाबला जातो. त्याचं डोकं रोज जिथं असतं तिथंच, खाली उशा-चादरी रचून टेकवायचं. पाकिटात आधारकार्डाशेजारी एक चिठ्ठी ठेवावी, मराठीत, इंग्रजीत, आणि चेन्नईत राहत असाल तर तमिळमध्येही: माझा कणा जुळलेला आहे, माझी मान सरळ करू नका.